समासातली ओळ

दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता तिचा हात ओल्या कापडाला लागला आणि ती दचकली. तसं दचकण्यासारखं काही नव्हतं. रविवारची दुपार, गॅलरीत ऊन, सकाळी आठला वाळत घातलेले कपडे कडकडीत झालेले. आणि त्यांच्या मधोमध हा एक पांढरा सदरा, चिंब, खालच्या काठातून थेंब थेंब गळतोय. तिनं तो वाळत घातला नव्हता. सदरा मुलाचा असणार, एवढा मोठा घरात दुसरा कुणाचा? पण तिनं धुतलेला नव्हता, आणि या घरात तिनं न धुतलेला कपडा दोरीवर येत नाही. तिनं वास घेतला. साबणाचा नव्हता. तरणतलावाच्या पाण्याला येतो तसला, नाकात शिरणारा. उलटून बघितलं तर पाठीवर निळ्या अक्षरांत छापलेलं: नवा जन्म. खाली आजची तारीख. तारीख वाचली आणि सिस्टरच्या हातातले चिमटे खाली पडले. एक चिमटा घरंगळत गॅलरीच्या कडेवरून गेला, तीन मजले. तो खाली आपटल्याचा आवाजही तिनं ऐकला म्हणे, एवढं सगळं शांत झालं होतं.

सिस्टर म्हणजे मठातली नव्हे हं, दवाखान्यातली. बाळंतपणाच्या वॉर्डात चौतीस वर्षं काढलेली. रिटायर होऊन तेरा वर्षं झाली तरी गल्लीतला दूधवाला सिस्टर म्हणतो, सूनसुद्धा रागावली की सिस्टर म्हणते. सून स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. सिस्टर सदरा घेऊन दारात उभी राहिली, सदऱ्याचं पाणी फरशीवर. सुनेनं मागं न बघता नळ बंद केला. "सांगणारच होतो आई. जेवणं झाल्यावर सांगू म्हणत होतो." "कुठं?" "तिथंच. सोफ्याच्या शोरूममधे." म्हणजे पूर्वी जिथं सोफे विकायचे तिथं. आता तिथं दर रविवारी तीनशे खुर्च्या, ढोल, गिटार, मोठ्ठे पडदे, आणि स्टेजच्या बाजूला निळा प्लास्टिकचा हौद. मुलगा वर्षभर तिथं जात होता. सिस्टरला ते माहीत होतं. कुणाचे गुडघे दुखायचे थांबले, कुणाची दारू सुटली, हे ती जेवताना ऐकून घ्यायची आणि पोळी पुढं करायची. पण हौद म्हणजे वेगळं. बाप्तिस्मा माणसाचा एकदाच होतो. दुसऱ्यांदा करणं म्हणजे पहिला झालाच नाही असं चारचौघांत म्हणणं.

तिच्या तोंडून भलताच प्रश्न गेला. "शब्द काय म्हणाले?" "काय?" "पाण्यात घातलं तेव्हा. पित्याच्या, पुत्राच्या, आत्म्याच्या... तिन्ही म्हणाले ना?" सून बघतच राहिली. "म्हणाले वाटतं." "वाटतं नको. पाणी अंगावर असताना म्हणाले की बाहेर काढल्यावर?" "असतानाच. अहो आई, तुम्ही काय तपासणी करायला बसलात का? चिडायचं तर सरळ चिडा." सिस्टरनं सदरा पिळला, दोन्ही हातांनी, पूर्वी ऑपरेशनचे टॉवेल पिळायची तसा, आणि परत दोरीवर घातला. तिच्या मनगटात कळ आली. पण छातीत, लाज वाटावी असं, काहीतरी सैल झालं होतं. सापडत नसलेली किल्ली जुन्या कोटाच्या खिशात हाताला लागावी, तसं. आणि त्या सैल होण्याचाच तिला असा संताप आला की तिनं बटाट्यांची टोपली पुढ्यात ओढली. मग आठवलं की बटाटे सकाळीच सोलून झालेत.

मुलगा आतून उठून आला. एक्केचाळीस वर्षांचा, लिफ्ट दुरुस्त करणारा, हात कायम ग्रीसचे. आज नखंसुद्धा स्वच्छ होती. तो आईच्या पुढ्यात चक्क जमिनीवर बसला. "आई, राग धरू नकोस. तुमचं चर्च वाईट असं मी म्हणत नाही. पण तान्ह्या पोराला काय कळतं गं? फादरनं घागरभर पाणी ओतलं काय नि चमचाभर. नुसतं पाणी होतं ते." तो हसला, अगदी बापासारखा. "मला ना, आयुष्यभर काहीतरी कमी होतं बघ. कळायचं नाही काय. कामात लक्ष आहे, घर आहे, तू आहेस. पण कमी. आज सकाळी त्या पाण्यातून वर आलो आणि..." त्यानं दोन्ही तळवे उघडून दाखवले. सिस्टर त्याच्या नखांकडं बघत होती. काहीतरी कमी होतं. हे वाक्य ऐकण्यासाठी आपण एक्केचाळीस वर्षं कान लावून बसलो होतो, आणि आता ऐकलं तर उठून कुठंतरी निघून जावंसं वाटतंय, असं तिला झालं. "पुढच्या रविवारी साक्ष आहे," तो म्हणाला. "नव्या लोकांनी जुना बाप्तिस्म्याचा दाखला आणायचा आणि सगळ्यांसमोर फाडायचा. माझा दाखला कुठाय?" दाखला कधी काढलाच नव्हता. लग्न त्याच चर्चमधे झालं, तेव्हाच्या फादरनी वही उघडून नाव बघितलं आणि काम भागलं. सिस्टर उठली, चपला घातल्या. "मी आणते," म्हणाली. मुलाला वाटलं आईनं हार मानली. त्यानं तिच्या पायाला हात लावायला घेतला तर ती जिना उतरायलाही लागली होती. लिफ्ट असताना.

चर्च वीस मिनिटांवर. वाटेत ती जागा लागते जिथं चर्चचाच दवाखाना होता. आता तिथं गाड्या ठेवायचा पाच मजली सांगाडा आहे. तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात, जिथं कुणाची तरी लाल गाडी उभी असते, साधारण तिथंच तिचा वॉर्ड होता. म्हणजे हवेत. खिडकीशी ट्रॉली, ट्रॉलीवर स्टीलची वाटी, वाटीत उकळून गार केलेलं पाणी. हे तिला म्हाताऱ्या फादरांनी शिकवलेलं, ती बावीस वर्षांची होती तेव्हा. पाण्यावाचून गेलेलं मूल देवापर्यंत पोचत नाही, असं तेव्हा मानायचे. मूल जगत नाहीसं दिसलं, आईबापांनी हो म्हटलं, आणि फादर यायला वेळ नसला, तर बाप्तिस्म्याचं काम कुणीही करावं. नर्सनं करावं, झाडूवालीनं करावं. देव मानत नाही त्यानं केलं तरी चालतं, शब्द बरोबर हवेत आणि करण्याची इच्छा हवी. "पण पाणी वाहिलं पाहिजे, पोरी," म्हातारे सांगायचे. "ओलं बोट टेकवून चालायचं नाही. आणि तोंडात शब्द असतानाच हात हलला पाहिजे. आधी नाही, नंतर नाही." ती शिकली. नुसती शिकली नाही, नावाजली. पाणी ओतण्याआधी ती ते तळव्यात धरून कोमट करायची, गार थेंबानं बाळ दचकू नये म्हणून. जे अर्ध्या तासात जाणार त्याला कशाला दचकवायचं? घरी येऊन निळ्या पाठकोऱ्या वहीत लिहायची. मुलगी, सात महिन्यांची, सकाळी सव्वाअकरा. मुलगा, जुळ्यातला दुसरा, पाऊण तास. नावं बहुतेकांना नव्हतीच. चौतीस वर्षांत एकतीस. एकतीसच्या एकतीस गेली. आयांना ती सांगायची, पाणी मिळालंय हो, आता काही काळजी नाही. आणि त्या आया, रडून सुजलेल्या, तिचा हात सोडायच्या नाहीत. एक तर पुढं पंचवीस वर्षं बाजारात भेटली की भाजीची पिशवी खाली ठेवून हात धरायची. एवढ्याचसाठी. त्या हाताला, एवढ्याचसाठी.

चर्चचं मोठं दार बंदच होतं, बाजूच्या दारानं आत जावं लागलं. आत बाकं उरली होती सात-आठ. बाकीची कुठल्याशा हॉटेलवाल्यानं नेली, जुनं लाकूड आता शोभेला लागतं म्हणे. भिंतीवर चित्रांच्या जागी चौकोन, आजूबाजूच्या रंगापेक्षा उजळ. फादर खोक्यांत पुस्तकं भरत होते. पन्नाशीचे, दमलेले, विनोदी. तीन चर्चं एकटे सांभाळतात, म्हणजे तीन चर्चं एकटे बंद करतात. "या सिस्टर. सकाळच्या मिसाला, प्रार्थनेला, तुम्ही धरून सात. मी आठवा. मला मोजायचं का नाही ते ठरलेलं नाही." "दाखला पाहिजे." "कुणाचा?" "मुलाचा." फादर हातातलं पुस्तक घेऊन थांबले. त्यांना कळलं होतं. "शोरूम?" तिनं मान हलवली. "या महिन्यातला नववा," ते म्हणाले. "दाखले न्यायला येतात तेवढी माणसं मिसाला आली असती तर ही खोकी भरायला लागली नसती." आणि हसले. हसता हसता खोक्याच्या कडेवर बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले. तो काही खराब झाला नव्हता.

वह्या उद्याच मुख्य कचेरीत जायच्या होत्या, म्हणून वरच होत्या. फादरांनी वर्ष शोधलं, बोट फिरवत खाली आले. सिस्टर उभीच. चाळीस वर्षांत तिनं हे पान बघितलं नव्हतं. शाई अजून काळी होती. मुलाचं नाव, बापाचं नाव, तिचं नाव, तेल लावल्याची तारीख. आणि समासात, म्हाताऱ्यांच्या तिरक्या अक्षरात, एकच ओळ: संकटकाळी, जन्मतःच, आईच्या हातून. फादरांनी ती वाचली आणि मान वर केली. "अरे. हे मला माहीत नव्हतं. तुम्ही स्वतः?" सिस्टरनं पर्स या हातातून त्या हातात घेतली. फादर दाखला लिहायला बसले. "ती ओळ सोडा," ती म्हणाली. "कशाला? तीच तर..." "सोडा म्हणते ना." "सोडता येत नाही सिस्टर. वहीत जसं आहे तसंच उतरवायचं, नियम आहे. आमच्याकडं आता नियम तेवढे उरलेत, ते तरी पाळू द्या." पेन कुरकुरत होतं. तिला वाटलं आता विचारावं. दुसरा कोण आहे विचारायला? पण विचारलं ते निराळंच. "फादर, ती एकतीस. मी पाणी घातलेली. शोरूमवाले म्हणतात, तान्ह्यांना ते पाणी लागूच होत नाही." फादरांनी शिक्का शोधत, अगदी मायेनं, सांगितलं, "त्यांचं सोडा. ती बाळं देवाकडंच गेली सिस्टर. पाणी असो-नसो. देव काय असा दारावर उभा राहून वाटी तपासतो का? आता आमच्यातही तसंच शिकवतात." "कधीपासून?" "झाली की बरीच वर्षं." "मला कुणी कळवलं नाही," सिस्टर म्हणाली. फादरांना आधी वाटलं ती थट्टा करतेय. मग तिच्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी शिक्का जरा जास्तच जोरात मारला.

परत येताना ती लाल गाडीच्या खाली, म्हणजे रस्त्याच्या अलीकडच्या फुटपाथवर, थांबली. पाणी असो-नसो. एका बाजूनं म्हणतात तुझं पाणी कामाचं नव्हतं, दुसऱ्या बाजूनं म्हणतात त्याची गरजच नव्हती. मधे ही उभी, हातात वाटी. आणि हसू येत होतं ते याचं, की भांडायला तोंडच नव्हतं. कारण वहीत एकतीस आहेत. बत्तीस नाहीत. तिच्या निळ्या वहीत, जिथं तिनं कधी वेळसुद्धा अंदाजानं लिहिली नाही, तिथं मुलाची नोंद नाही. खोटं त्या मोठ्या वहीत लिहिता आलं, कारण ते दुसऱ्यानं लिहिलं. स्वतःच्या हातानं लिहायची वेळ आली तेव्हा पेन्सिल अडली. त्या दिवशी ती स्वतःच टेबलावर होती. नाळ मानेभोवती, पोर बाहेर आलं ते निळं, लुळं, ओल्या फडक्यासारखं. डॉक्टर अजून वाटेत. समोरची नर्स नवी, पोरगेली, ती खांबासारखी उभी. सिस्टर तशीच कोपरांवर उठली, रक्तात, पोर ओढून घेतलं, नळीनं तोंड मोकळं केलं, नाकातोंडावर तोंड ठेवून फुंकलं. चार मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तिला आजही दिसतो. आणि उजव्या कोपराशी ट्रॉली, ट्रॉलीवर वाटी. विसरली नाही ती. लोक विसरतात, घाबरून विसरतात, त्याला माफी असते. तिनं वाटी बघितली. पुरती बघितली, वाटीतल्या पाण्यात दिव्याची गोल टिकली हलत होती तीसुद्धा. आणि हात नेला नाही. तोवर तिनं अकरांना पाणी घातलं होतं आणि अकराच्या अकरा गेले होते. तिच्या हाताला माहीत होतं की आपण पाण्याकडं गेलो की संपलं. फोडून सांगायचं तर, त्या चार मिनिटांत तिचा देवावर नाही, नळीवर भरवसा होता. मग पोर किंचाळलं आणि लाल झालं.

दुसऱ्या दिवशी म्हातारे फादर आले, फाउंटन पेन खिशाला. "घातलंस ना पाणी, पोरी?" विचारणं म्हणजे नावापुरतं. दुसऱ्यांची पोरं न चुकणारी, ती स्वतःचं चुकेल? सासू पायथ्याशी, नवरा दाराशी, पोरगेली नर्स कौतुकानं डोळे मोठे करून. "हो फादर." एवढंच. चर्चमधे नेलं तेव्हा तेल लावलं, मेणबत्ती लावली, पाणी नाही. झालेलं पुन्हा करता येत नाही. मग वाटलं घरी करू. रोज आंघोळ घालते, तांब्या हातात आहे, तीन शब्द म्हणायचे, कोण ऐकतंय? उद्या करू. उद्या. आणि एक दिवस मांडीवर पालथं घातलेलं ते गुबगुबीत, गुलाबी पोर बघताना तिच्या मनात आलं, याला काय कमी आहे? बोटं दहा, भूक दांडगी, झोप गाढ. पाणी मिळालेलं पोर याहून काय निराळं असतं? आणि काही कमी नसेल, तर त्या अकरांना मी नक्की काय दिलं? त्या प्रश्नानंतर तिनं तांब्या नुसताच ओतला. त्यानंतर ती फक्त लक्ष ठेवत राहिली. पोरगं पहिल्यांदा खोटं बोललं तेव्हा, हेच का ते? दहावीत नापास झालं तेव्हा. दोन वर्षं दारू प्यायचा तेव्हा. बाप गेल्यावर रडला नाही तेव्हा. लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही, सून देवा, आमचं काय चुकलं म्हणते तेव्हा ही भिंतीकडं तोंड करून झोपायची. आईनं आपल्या पोराकडं असं बघू नये. वॉर्डात वजनकाट्याकडं बघतात तसं. चाळीस वर्षं बघितलं तिनं. तो जवळ आला, मिठी मारायला आला, तरी तिचं अर्धं डोकं काट्यावर. आणि आज तो म्हणतो, काहीतरी कमी होतं. बाबा, तुझ्यात नव्हतं रे. किंवा होतंही. कुणास ठाऊक. आता कसं कळणार?

घरी आली तर मुलगा दारातच, उतावळा. "मिळाला?" तिनं पर्समधून पाकीट दिलं आणि सरळ गॅलरीत जाऊन उभी राहिली, पाठ करून. मागं कागद उलगडल्याचा आवाज. तो मोठ्यानं वाचत होता, बायकोला ऐकू जावं म्हणून, जरा नाटकी आवाजात. नाव, तारीख, तेल. मग आवाज थांबला. "संकटकाळी," तो म्हणाला. "जन्मतःच, आईच्या..." मग तो गॅलरीत आला. "आई? हे काय आहे? मी मरत होतो?" "चार मिनिटं." "आणि तू? टेबलावर असताना? तशा अवस्थेत तुला देव आठवला?" सून पदरानं डोळे पुसत मागं उभी. "कधी सांगितलं नाहीस गं," तो म्हणत होता, "एवढं करून एका शब्दानं नाही... आणि मी मघाशी म्हणालो नुसतं पाणी. आई, माझी जीभ झडो." तो लहान पोरासारखा रडायला लागला. एवढा मोठा माणूस, चर्चात आणि शोरूममधे मिळून कधी रडला नसेल तसा. "मी नाही हे फाडणार. फ्रेम करणार. रविवारी स्टेजवर जाऊन सांगणार, माझी आई..." "नको." "सांगणारच. तुला शेजारी उभं करून सांगणार. तीनशे माणसांनी बघू दे."

तीनशे माणसं. ढोल. मोठ्या पडद्यावर तिचा चेहरा. बाजारातली ती बाई पिशवी खाली ठेवून हात धरते, तसे तीनशे हात. सिस्टर वळली. आता सांगायचं. चारच शब्द होते, मी पाणी घातलं नाही. तोंड उघडलं. त्याच्याकडं बघितलं. तो तिच्याकडं असा बघत होता की या घरात, या जन्मात, त्यानं कधी बघितलं नव्हतं. काहीच कमी नसल्यासारखा. शब्द जिभेवर आले आणि परत फिरले. तिनं त्याच्या हातातून दाखला काढून घेतला आणि मधोमध फाडला. मग त्याचे चार केले. मग आठ. समासातली ओळ कुठल्या तुकड्यात गेली ते तिनं बघून ठेवलं आणि तो तुकडा आणखी बारीक केला.

सून ओरडली. मुलगा क्षणभर खुळ्यासारखा बघत राहिला. आणि मग, सिस्टरच्या डोळ्यांदेखत, त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "आई," तो म्हणाला, "म्हणजे तूसुद्धा?" "मी काय?" "स्वतःच्या हातानं केलेलं, स्वतःच्या हातानं... अगं, याहून मोठी साक्ष कुणाची असणार!" "तसं नाही रे." "तसंच आहे. तुला कळतंय ना, तुझ्यात कोण काम करतंय?" त्यानं तिला मिठीत घेतलं, खरं तर उचललंच. ती गुदमरली. त्याच्या केसांना अजून त्या हौदाचा वास होता. "नाही म्हणते ना मी," ती त्याच्या खांद्यात म्हणाली, पण त्यानं शोरूमच्या पाळकाला फोन लावलाही होता. "ब्रदर? बसलाय का, बसा आधी. आईनं स्वतः फाडला! हो, स्वतः! नाही, मी एक शब्द बोललो नाही..." बोलत बोलत तो आत गेला, त्याच्यामागं सून गेली. हॉलमधून दोघांचे आवाज येत राहिले, वर चढलेले, कधी नव्हे ते सुखाचे.

सिस्टरनं तुकडे मुठीत गोळा केले. दोरीवरचा सदरा वाळला होता. पाठीवरची अक्षरं उन्हानं कडक झालेली, घडी घालताना मोडत होती. तिनं घडी घातली, बाह्या आत, कॉलर वर, चौतीस वर्षांच्या सवयीनं. आजची तारीख आतल्या बाजूला गेली. सकाळी सव्वादहाला म्हणे त्याचा नंबर लागला. एकेकाळी तिथंच सोफे विकणाऱ्या त्या पाळकानं हाताला धरून उतरवलं, तिन्ही शब्द म्हटले, पाणी अंगावर असतानाच म्हटले. सगळं नियमानं. म्हाताऱ्या फादरांनाही चूक काढता आली नसती. त्याच्या डोक्याला पहिलं पाणी लागलं तेव्हा ती घरात बटाटे सोलत होती.